वडीलधाऱ्यांवाचून भाषा : निकाराग्वातील कर्णबधिर मुलांचे प्रकरण

मूल भाषा कशी शिकते, या प्रश्नाला मीमांसकांनी, म्हणजे मीमांसा या प्राचीन भारतीय दर्शनाच्या पंडितांनी, दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. घरातील एक वडीलधारा माणूस दुसऱ्याला ‘गाय आण’ असे सांगतो, दुसरा जाऊन गाय घेऊन येतो आणि जवळच बसलेले मूल हे सारे पाहत असते. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये त्याच्या कानांवर पडतात. प्रत्येक वेळी काही शब्द तेच राहतात, काही बदलतात, त्यांच्याबरोबर कृतीही बदलते, आणि या फरकांवरून कोणत्या शब्दाचा कशाशी संबंध आहे हे ते मूल हळूहळू ताडते. शास्त्रकारांनी याला वृद्धव्यवहार म्हटले. शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरलेला आहे, असे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, मत होते. मीमांसकांचा त्यावर आक्षेप असा की, जो कोणी पहिला संकेत ठरवायला बसला असेल त्याला तो कोणत्या तरी शब्दांतच ठरवावा लागला असणार. मग त्या शब्दांचा संकेत कोणी ठरवला? या आक्षेपातून वाट काढताना त्यांनी शब्दार्थसंबंध नित्य मानला. मूल वडीलधाऱ्यांकडून शिकते, ते वडीलधारे त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून शिकलेले असतात, आणि ही साखळी मागे कुठेच तुटत नाही.

ही साखळी प्रत्यक्षात तुटलेली असली तर काय होईल, हे पाहण्याचा मोह सत्ताधाऱ्यांना अनेकदा झाला. सोळाव्या शतकात अकबर बादशहाने काही तान्ही मुले माणसाचे बोलणे कानांवर पडणार नाही अशा घरात वाढवली आणि काही वर्षांनी त्यांना कोणतीच भाषा येत नसल्याचे आढळले, अशी नोंद त्याच्या दरबारी इतिहासात आहे. अशा प्रयोगाचे क्रौर्य उघड आहे, आणि त्यातून ज्ञानही फारसे मिळाले नाही. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशात मात्र १९७७ नंतर जे घडले ते कोणी ठरवून केलेले नव्हते. तेथे शेकडो मुले अशी एकत्र आली की ज्यांच्याजवळ समाईक भाषा नव्हती आणि ज्यांना ती देऊ शकेल असा एकही वडीलधारा माणूस नव्हता. भाषा आणि मानवी अनुभव यांच्या संबंधाविषयी शतकानुशतके केवळ तर्काने चाललेल्या वादाला या प्रकरणाने जेवढे पुरावे दिले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही एका प्रकरणाने दिलेले नाहीत, असे माझे मत आहे.

मनाग्वातील दोन शाळा

सत्तरच्या दशकापर्यंत निकाराग्वातील बहुतेक कर्णबधिर माणसे आपापल्या घरांतच आयुष्य काढत. जगात इतरत्र दिसते त्याप्रमाणे तेथेही बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेली होती. त्यांच्यासाठी शाळा जवळजवळ नव्हत्याच, असल्या तरी लहान आणि अल्पजीवी होत्या, आणि एका कर्णबधिर माणसाची दुसऱ्याशी गाठ पडण्याचे प्रसंग फार कमी येत. अशा घरांत मूल आणि आई मिळून काही खुणा तयार करतात. जेवणाची खूण, झोपेची खूण, मिशी किंवा व्रण दाखवून एखाद्या माणसाची ओळख, दाराकडे बोट दाखवून बाहेर गेलेल्याविषयीचा प्रश्न, असा तो संसारापुरता साठा असतो. मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो यांनी अमेरिकेतील अशा मुलांच्या घरगुती खुणांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, मुले या खुणा एकामागून एक जुळवताना ठरावीक क्रम पाळतात आणि आईच्या हातवाऱ्यांत नसलेली शिस्त त्यांत आणतात. म्हणजे रचना करण्याची ओढ मुलाजवळ आधीपासून असते. तरीही घरगुती खुणांची ही व्यवस्था त्या घराच्या उंबरठ्याबाहेर जात नाही, आणि ते माणूस गेले की तीही जाते.

१९७७ मध्ये राजधानी मनाग्वातील सान हुदास या वस्तीत विशेष शिक्षणाचे एक केंद्र सुरू झाले. सुरुवातीला तेथे पन्नासेक कर्णबधिर मुले होती. १९७९ च्या जुलै महिन्यात सोमोझा घराण्याची हुकूमशाही कोसळली, सान्दिनिस्ता क्रांतिकारकांचे सरकार आले आणि साक्षरता हा नव्या राजवटीचा मोठा कार्यक्रम झाला. १९८० मध्ये व्हिया लिबेर्ताद या भागात किशोरवयीन कर्णबधिरांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा निघाली, आणि १९८३ पर्यंत या दोन शाळांत मिळून चारशेहून अधिक विद्यार्थी होते.

शाळांचे धोरण बोलण्यावर भर देणारे होते. स्पॅनिश शब्द उच्चारायला शिकवणे, ओष्ठवाचन करवून घेणे आणि बोटांनी स्पॅनिश अक्षरे दाखवणे, ही शिक्षकांची साधने होती. १८८० च्या मिलान परिषदेने सांकेतिक भाषेपेक्षा वाचाशिक्षणाला वरचढ ठरवल्यापासून जगभर हेच चालत आले होते, त्यामुळे या शिक्षकांना वेगळा दोष देण्याचे कारण नाही. जे मूल शब्द म्हणजे काय हेच अजून जाणत नाही, त्याच्यापुढे एखाद्या शब्दाची अक्षरे बोटांनी मांडून काही साधत नाही, आणि वर्गात फारसे काही साधलेही नाही. भाषा जन्मली ती वर्गाबाहेर. मुलांना ने-आण करणाऱ्या बसमध्ये, खेळाच्या मैदानावर आणि शाळा सुटल्यावर रस्त्यात मुले आपापल्या घरच्या खुणा एकमेकांसमोर वापरू लागली. कोणाची तरी खूण दुसऱ्याने उचलली, तिसऱ्याने ती थोडी बदलली, काही खुणा टिकल्या आणि काही मागे पडल्या. कोणी सभा घेऊन संकेत ठरवले नाहीत. मीमांसकांच्या आक्षेपाला मिळालेले हे प्रत्यक्ष उत्तर आहे, कारण येथे संकेत आधी कोणीच ठरवला नव्हता. तो वापरता वापरता ठरत गेला, आणि ठरवण्यासाठी लागणारी भाषा हीच त्या ठरण्यातून उभी राहिली.

आपल्यासमोर काय चालले आहे हे शिक्षकांना उमगत नव्हते. मुले भराभर हात हलवीत आहेत, एकमेकांना समजूनही घेत आहेत, आणि मोठ्यांना मात्र त्यातले काही कळत नाही, अशी स्थिती आली, तेव्हा शिक्षण मंत्रालयाने १९८६ मध्ये अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल यांना बोलावले. त्याच वर्षी कर्णबधिर प्रौढांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. केगल यांच्यामागून अॅन सेंघास, मेरी कोपोला, जेनी पायर्स अशा संशोधकांनी तेथे काम केले, आणि एका भाषेची बाल्यावस्था तिच्या पहिल्या वापरकर्त्यांच्या हयातीतच नोंदवली गेली.

घरंगळणारे मांजर

संशोधकांना लवकरच एक चकित करणारी गोष्ट दिसली. या भाषेत वयाने लहान असणारेच अधिक प्रवीण होते. साधारण १९८४ पूर्वी शाळेत आलेल्यांना पहिली पिढी म्हणू, त्यानंतरच्या दहा वर्षांत आलेल्यांना दुसरी आणि १९९३ नंतर आलेल्यांना तिसरी. पहिल्या पिढीच्या खुणा ठसठशीत, संथ आणि अभिनयाच्या जवळ जाणाऱ्या होत्या. धाकट्यांच्या खुणा आटोपशीर आणि वेगवान होत्या, आणि हा फरक केवळ सफाईचा नव्हता.

समजा, कोणी ‘पाहणे’ ही खूण आपल्या डाव्या बाजूला केली आणि लगेच ‘पैसे देणे’ हीदेखील डाव्याच बाजूला केली. ज्याला पाहिले त्यालाच पैसे दिले, एवढाच अर्थ दुसऱ्या पिढीच्या मुलांनी त्यातून घेतला. पहिल्या पिढीच्या माणसांना असे बंधन वाटत नव्हते. एकाला पाहिले आणि दुसऱ्याला पैसे दिले, असा अर्थही त्यांना चालत असे. समोरची रिकामी जागा वापरण्याची सवय दोघांनाही होती, मात्र त्या जागेला व्याकरण धाकट्यांनी दिले. आपण मराठीत ‘त्याला’ आणि ‘तिला’ म्हणून जे काम करतो, ते काम आता हवेतल्या एका ठिकाणाकडून होऊ लागले. शाळेत आलेल्या लहान मुलांना हे कोणी शिकवले नव्हते, कारण शिकवू शकणाऱ्या थोरल्यांजवळ ते नव्हतेच.

२००४ मध्ये सेंघास, सोतारो किता आणि आस्ली ओझ्युरेक यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या प्रकरणाच्या केंद्रस्थानी ठेवावा असा आहे. तीन पिढ्यांतील प्रत्येकी दहा कर्णबधिरांना आणि स्पॅनिश बोलणाऱ्या दहा माणसांना एक व्यंगचित्रपट दाखवला गेला. त्यात एक मांजर ‘बोलिंग’ या खेळातला, जमिनीवरून घरंगळत सोडायचा जड चेंडू गिळते आणि डळमळत, घरंगळत उताराच्या रस्त्यावरून खाली जाते. हा प्रसंग सांगताना स्पॅनिश बोलणारे लोक तोंडी बोलण्याबरोबर सहजच हातही हलवत होते, आणि त्यांच्या हाताची एकच हालचाल घरंगळणे व खाली जाणे या दोन्ही गोष्टी एकत्र दाखवत असे. प्रत्यक्षात घडलेही तसेच होते, म्हणजे हाताने घटनेची नक्कल केली. पहिल्या पिढीचे कर्णबधिरही पुष्कळदा अशीच एकसंध हालचाल करत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीने मात्र प्रसंगाचे तुकडे केले. आधी घरंगळण्याची खूण, तिच्यामागून खाली जाण्याची खूण, अशी त्यांची मांडणी होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या हे दाखवायचे असल्यास त्यांतले काही जण घरंगळणे, खाली जाणे आणि पुन्हा घरंगळणे असा क्रम वापरत.

वरवर पाहता हा तोटाच वाटेल, कारण घटनेशी असलेले साम्य यात कमी झाले आणि जे एकत्र घडले ते एकामागून एक सांगावे लागले. भाषेचे सारे सामर्थ्य या तोट्यातूनच येते. घरंगळणे सुटे झाले की ते वर जाण्याला, आडवे जाण्याला, जागच्या जागी फिरण्यालाही जोडता येते. खाली जाणे सुटे झाले की ते चालण्याला, उडण्याला आणि पडण्यालाही जोडता येते. मग कधीच न पाहिलेल्या घटनेविषयीही बोलता येते. अनुभव आपल्याकडे अखंड येतो आणि भाषा त्याचे अवयव पाडते, हे तत्त्वज्ञानातले जुने विधान आहे. मनाग्वात हे अवयव पाडण्याचे काम प्रत्यक्ष चालू असताना पाहायला मिळाले, आणि ते करणारी कोवळ्या वयाची मुले होती. थोरल्यांचे अपुरे खुणासंच पाहूनच ती शिकली आणि जे पाहिले त्याहून अधिक रचना त्यांनी परत दिली. वृद्धव्यवहाराच्या चित्रात मूल वडीलधाऱ्यांजवळ असलेलेच उचलते. येथे ते त्यांच्याजवळ नसलेले घडवताना दिसते.

दुसऱ्याचे मन

इथपर्यंतचा भाग भाषेच्या घडणीचा झाला. भाषा आली म्हणून माणसाच्या अनुभवात काय बदलले, हा प्रश्न अधिक खोल आहे, आणि पायर्स व सेंघास यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे त्याला हात घालता आला.

बालमानसशास्त्रात एक परिचित कसोटी आहे. गोष्टीतला मुलगा आपले खेळणे एका जागी ठेवून बाहेर जातो. तो नसताना दुसरा कोणी ते उचलून दुसरीकडे ठेवतो. मुलगा परत आल्यावर खेळणे कुठे शोधेल? त्याने ठेवले होते तिथेच शोधेल, हे उत्तर आपल्याला सोपे वाटते, पण ते देण्यासाठी खरी परिस्थिती आणि त्या मुलाची समजूत या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. साधारणपणे चार ते पाच वर्षांच्या वयात मुलांना हे जमू लागते. निकाराग्वात ही कसोटी शब्दांचा आधार न घेता, चित्रमालिका दाखवून आणि शेवटचे योग्य चित्र निवडायला सांगून घेतली गेली. २००१ मध्ये दुसऱ्या पिढीच्या तरुणांनी ती सहज पार केली. पहिल्या पिढीच्या माणसांना मात्र ती बहुतांशी जमली नाही, आणि ही माणसे पंचविशी ओलांडलेली, आपापले आयुष्य जगणारी प्रौढ माणसे होती.

याच माणसांना काही लहान दृश्यफिती दाखवून त्यांतली हकिगत सांगायला लावले होते. फितींमधली पात्रे काही तरी चुकीच्या समजुतीने वागत होती. धाकट्या पिढीच्या सांगण्यात ‘त्याला वाटले’, ‘त्याला ठाऊक नव्हते’ अशा अर्थाच्या खुणा येत होत्या. थोरल्यांच्या सांगण्यात पात्राने काय केले एवढेच बहुधा येई. मनातल्या स्थितीसाठी त्यांच्याजवळ खुणा फारच थोड्या होत्या.

येथे थांबलो असतो तर केवळ सहसंबंध हाती आला असता, आणि तो अनेक प्रकारे समजावता आला असता. पुढील दोन वर्षांत मात्र थोरल्या पिढीतील माणसे कर्णबधिरांच्या संघटनेत धाकट्यांबरोबर अधिक मिसळली. २००३ मध्ये त्यांना पुन्हा तपासले तेव्हा त्यांच्या बोलण्यात मनोव्यापाराच्या खुणा आलेल्या होत्या, आणि तीच कसोटी त्यांना आता कितीतरी अधिक जमत होती. विशीच्या शेवटाला पोहोचलेल्या माणसांना जगाचा दोन वर्षांचा जास्तीचा अनुभव आला म्हणून हे घडले, असे म्हणणे अवघड आहे. जगाचा अनुभव त्यांना आधीही भरपूर होता. नवी गोष्ट होती ती दुसऱ्याच्या मनाविषयी बोलण्याची सोय आणि तसे बोलणारा शेजार. वृद्धव्यवहाराची दिशा येथे पूर्ण उलटली होती, कारण वडीलधारे धाकट्यांचा व्यवहार पाहून शिकले.

या निष्कर्षाची मर्यादाही नीट सांगितली पाहिजे. पहिल्या पिढीच्या लोकांना दुसऱ्याला मन असते हेच कळत नव्हते, असा अर्थ यातून काढणे अन्यायाचे आणि चुकीचे आहे. या माणसांनी मैत्री केली, राग धरला, कोणाला फसवले, कोणाची समजूत काढली, आणि मुळात भाषाच उभी केली, जी समोरच्याला काय कळते आहे याचा अंदाज घेतल्याशिवाय उभी राहत नाही. दुसऱ्याची समजूत खरी नसतानाही ती तशीच मनात धरून ठेवणे आणि तिच्यावरून त्याच्या पुढल्या कृतीचा हिशेब करणे, हे विशेष काम त्यांना कठीण जात होते. भाषेने मन निर्माण केले, असे हे प्रकरण सांगत नाही. मनातल्या एका विशिष्ट कामाला भाषेने धरायला मूठ दिली, असे मात्र ते नक्कीच सांगते.

दिशाज्ञानाच्या बाबतीतही असाच फरक २०१० च्या अभ्यासात दिसला. डावे-उजवे सांगण्याची पद्धत ज्यांच्या खुणांत स्थिर झाली नव्हती, त्या थोरल्या पिढीला गरगर फिरवून दिशाभूल केल्यानंतर खोलीत लपवलेली वस्तू शोधणे धाकट्यांपेक्षा कठीण गेले. संख्येचा पुरावा याहून बोलका आहे, आणि तो शाळेत कधीच न आलेल्या, अजूनही घरगुती खुणांवरच जगणाऱ्या निकाराग्वातील प्रौढांचा आहे. ही माणसे काम करतात, पैसे कमावतात, बाजारात व्यवहार करतात आणि वस्तूंची संख्या सांगायला बोटेही वापरतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलिझाबेट स्पेपन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले की, तीनपर्यंतच्या संख्या त्यांना अचूक दाखवता येतात, त्यापुढे मात्र बोटे अंदाजाने जवळपास पोहोचतात. समोर जितक्या वस्तू आहेत तितक्याच दुसऱ्या मांडा, असे सुचवले तरी मोठ्या संख्येला थोडे कमी-जास्त होते. पैसा वापरणाऱ्या समाजात राहून, आप्तांच्या मायेत राहूनही नेमकी मोजणी आपोआप येत नाही, कारण क्रमाने म्हणायची अंकमालिका ही एकट्याने शोधायची गोष्ट नाही. ती कोणाकडून तरी घ्यावी लागते.

भर्तृहरी, विट्गेन्श्टाइन आणि हा पुरावा

शब्दाचा अनुगम, म्हणजे साथ, नसलेले ज्ञान लोकात नाही, सारे ज्ञान जणू शब्दाने विणलेलेच भासते, असे प्राचीन व्याकरणकार आणि तत्त्वज्ञ भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त म्हटले आहे. या वचनातला ‘शब्द’ म्हणजे समाजात प्रचलित असलेली भाषा, असा अर्थ घेतला, तर निकाराग्वाचा पुरावा त्याला प्रतिकूल आहे. बसमध्ये चढलेल्या पहिल्या मुलांजवळ अशी भाषा नव्हती; ज्ञान, इच्छा, आठवण आणि रचनेची ओढ मात्र होती, आणि नसती तर भाषा घडलीच नसती. भर्तृहरीने बालकाच्या ठायीही पूर्वसंस्काररूपाने शब्दभावना मानली आहे, त्यामुळे त्याचा बचाव करणारा म्हणेल की हीच ओढ ती भावना होय. हा बचाव मला मान्य करावासा वाटतो. आपल्या काळात भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांच्या अनुयायांनी याच प्रकरणाचा आधार घेऊन भाषेची जन्मजात घडण मांडली, तिच्याशी या बचावाचे नाते दूरचे नाही. मात्र केवळ जन्मजात ओढीने काम भागले असते, तर तीनच्या पुढे अडणारी ती घरगुती खुणांवरची माणसेही आपापल्या घरी पूर्ण भाषा घडवून बसली असती. ओढ त्यांच्याजवळही होती. नव्हते ते इतर लोक, आणि आपल्यामागून येऊन आपल्या खुणा उचलणारी लहान मुले.

या ठिकाणी विसाव्या शतकातील तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या ग्रंथात त्यांनी भाषेचा अर्थ वापरात आणि समाईक रीतीत पाहिला. याच ग्रंथात मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी नोंदवलेल्या बॅलर्ड नावाच्या एका कर्णबधिर माणसाच्या आठवणीचा उल्लेख आहे. भाषा येण्यापूर्वी, लहानपणीच, जग कोठून आले असा प्रश्न आपल्याला पडला होता, असे बॅलर्ड यांनी पुढे लिहिले होते. आपल्या निःशब्द विचारांचे हे शब्दांतले रूप बरोबरच आहे, अशी त्यांना खात्री कशी, असा विट्गेन्श्टाइन यांचा प्रश्न होता. भाषा आल्यानंतर भाषेपूर्वीच्या दिवसांविषयी जे सांगितले जाते ते भाषेनेच रंगलेले असते, ही अडचण खरी आहे, आणि निकाराग्वातील थोरल्या पिढीच्या आठवणींनाही ती लागू पडते. २००१ आणि २००३ च्या चाचण्यांचे मोल मला यासाठीच फार वाटते. त्या माणसांना आपले पूर्वीचे मन आठवून सांगावे लागले नाही. शब्द हाती येण्याआधी आणि आल्यानंतर त्यांनी काय केले, हे दोन्ही वेळा समोर बसून पाहिले गेले.

या प्रकरणाची जी हकिगत सर्वत्र सांगितली जाते, तिच्यात एक दोष आहे, आणि तो मला गंभीर वाटतो. मुलांनी शून्यातून भाषा निर्माण केली, असे म्हटले जाते. शून्य तेथे कधीच नव्हते. मुले घरच्या खुणा घेऊन आली होती, भोवतालच्या निकाराग्वन माणसांचे हातवारे त्यांनी पाहिले होते, वर्गात बोटांची अक्षरे होती. लॉरा पोलिच यांनी तेथील कर्णबधिरांच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करून दाखवले की, शाळा सुटल्यावरही एकत्र राहू पाहणारे तरुण आणि त्यांची संघटना यांच्यावाचून ही भाषा टिकली नसती. मैदानाचा वाटा मुलांच्या मेंदूच्या वाट्याहून कमी धरण्याची सवय भाषाशास्त्राने सोडली पाहिजे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. चाचण्यांत भाग घेतलेल्या माणसांच्या संख्याही लहान आहेत, आणि उशिरा भाषा मिळणे व कमी शालेय शिक्षण मिळणे या दोन गोष्टी थोरल्या पिढीत पुरत्या वेगळ्या काढता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पाहणाऱ्यांची जबाबदारी

एक प्रश्न संशोधकांनाच विचारला गेला. मुलांजवळ अपुरी भाषा आहे हे दिसत असताना अमेरिकेतील प्रस्थापित सांकेतिक भाषा त्यांना सरळ का शिकवली नाही? केगल यांनी बाहेरची भाषा आणून लादण्याला विरोध केला, आणि त्यावर टीकाही झाली. तेथे भाषा घडतच होती आणि तिच्या मालकांची ती स्वतःची होती, म्हणून मला त्यांची भूमिका योग्य वाटते. शिवाय त्या केवळ पाहत बसल्या नाहीत. १९९५ मध्ये कॅरिबियन किनाऱ्यावरील ब्लूफील्ड्स येथे, जिथे ही भाषा पोहोचली नव्हती, तिथे तिच्याच माध्यमातून शिकवणारी शाळा त्यांनी सुरू केली. २००९ मध्ये निकाराग्वाने कायदा करून या भाषेला मान्यता दिली.

आपल्याकडे मुंबईत कर्णबधिरांच्या शिक्षणाची संस्था १८८० च्या दशकातच उभी राहिली. पुढे महाराष्ट्रभर निघालेल्या अशा शाळांतही दीर्घकाळ बोलायला लावण्यावरच भर राहिला आणि खुणा मधल्या सुट्टीत चालत राहिल्या. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण करणारी राष्ट्रीय संस्था दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाली. कर्णबधिर मूल घरात जन्मले की आईवडिलांना आजही पुष्कळदा आधी वाचेची वाट पाहायला सांगितले जाते. यंत्र बसवू, उच्चार येतील, खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, असा सल्ला मिळतो. श्रवणयंत्राला किंवा शस्त्रक्रियेला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण वाट पाहण्याची ही वर्षे मुलाच्या आयुष्यातून जातात, आणि निकाराग्वातील पहिल्या पिढीच्या प्रौढांना ती वर्षे सगळीच्या सगळी परत मिळालेली नाहीत. दुसऱ्याच्या मनाविषयीच्या खुणा त्यांनी नंतर आत्मसात केल्या. तिशीच्या जवळ येईपर्यंत त्यांना त्या मिळाल्या नव्हत्या, याचे कारण त्यांच्या कानांत किंवा बुद्धीत शोधता येत नाही. त्या खुणा वापरणारे माणूसच तोवर त्यांच्या भोवती नव्हते.